शेक संपून सोळा महिने झाले, आता दाढ काढायची का? (बाबा, नागपूर)

नंदनवनची_लेक

नमस्कार. बाबा ६१ वर्षांचे आहेत, गांधीबागेत त्यांचं टेलरिंगचं दुकान आहे. डाव्या गालाच्या आतून कॅन्सर निघाला होता. ऑपरेशन झालं, मानेतल्या गाठी काढल्या, मग ३० शेक (रेडिएशन) आणि सोबत आठवड्याची किमो. फाईलवर लिहिलंय: ६० ग्रे (शेकाचा एकूण डोस), ३० फ्रॅक्शन (तितक्या वेळा विभागून), आयएमआरटी (शेकाची नवी पद्धत). शेक संपून सोळा महिने झाले. त्या वेळी जो तो म्हणायचा, "आता नवीन मशीन आहे हो, पहिल्यासारखं काही होत नाही." आणि खरंच, तोंडातल्या जखमा दोन महिन्यांत भरल्या. आम्ही पेढे वाटले.

आता तीन गोष्टी एकदम सुरू झाल्यात.

डावीकडची खालची शेवटची दाढ किडली आहे, रात्री ठणकते. घराजवळच्या डेंटिस्टकडे गेलो. कॅन्सर झाला होता हे सांगितलं. ते म्हणाले, "दीड वर्ष होत आलं ना, मग काही नाही, गुरुवारी काढून टाकू, पाच मिनिटांचं काम." आज सोमवार.

दुसरं म्हणजे, मार्च चालू आहे, दुपारी ३८ च्या वर जातंय, आम्ही कूलर काढायच्या गोष्टी करतोय आणि बाबा गोधडी घेऊन बसतात. दिवसभर पेंगतात. आवाज जाड झालाय. वजन सहा किलोनं वाढलं, म्हणून आई खूश आहे. पण खाणं तर पूर्वीच्या निम्मंही नाही.

तिसरं, पाणी पिताना ठसका लागतो. रोज नाही, पण लागतो.

पुढची फॉलो-अपची तारीख मे महिन्यात आहे. हे सगळं आजार परत येण्याचं लक्षण आहे का? मला रात्री झोप लागत नाही. कुणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा.

सकारात्मक_विदर्भ

ताई, आमच्या भावजींनी पण शेक घेतला होता, त्यांना काहीच झालं नाही. टेन्शन घेऊ नका. कोमट पाण्यात हळद टाकून गुळण्या करायला सांगा. नवीन टेक्नॉलॉजीत साइड इफेक्ट नसतात.

रिटायर्ड_टर्नर

गुरुवारची अपॉइंटमेंट आधी कॅन्सल कर. फोन कर आणि मग पुढचं वाच.

केला? आता सांगतो.

मी अंबाझरीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत ३१ वर्षं लेथवर टर्नर होतो. राहायला हुडकेश्वर रोडला. माझापण गालच, पण उजवा. कशानं झालं ते आपल्या नागपुरात सांगायची गरज नाही: पानठेल्यावर पन्नीत घोटलेला सुपारी-तंबाखूचा खर्रा, दिवसाला चार. शेक संपून सात वर्षं झाली. माझ्या पोरीच्या वयाची असशील म्हणून अगंतुगं करून राहिलो, राग मानू नको.

दाढेचं पहिले. शेकानं हाडातल्या बारीक रक्तवाहिन्या आक्रसतात. हाड दिसायला जसंच्या तसं राहते, पण स्वतःला दुरुस्त करायची त्याची ताकद जाते. खालच्या जबड्याला रक्त मुळातच वरच्यापेक्षा कमी, म्हणून हा त्रास तिथंच जास्त. तुझ्यामाझ्यासारख्याचा दात काढला तर खड्डा महिन्या-दोन महिन्यांत भरून येते. तुझ्यामाझ्या म्हटलं मी, माझ्यासारख्याचा कुठला, तुझ्यासारखीचा. शेक घेतलेल्याचा कधी कधी भरतच नाही. हाड उघडं पडते आणि सडते. डॉक्टर त्याला ओआरएन म्हणतात. आणि "दीड वर्ष झालं" हा हिशेब इथे लागत नाही बाप्पा. दहा वर्षांनीही तो धोका असतेच.

माझ्यासोबत भंडाऱ्याकडचे एक जण शेकाला यायचे. तीन वर्षांनी गावातच दाढ काढून घेतली. जखम भरलीच नाही, वर्षभरात गालाला बाहेरून भोक पडलं. वरण-भात खाल्ला की वरण त्या भोकातून यायचं, ते रुमाल लावून जेवायचे. शेवटी जबड्याचा तुकडा काढून तिथं पायाचं हाड बसवावं लागलं. शेक सुरू व्हायच्या आधी दात तपासून खराब असतील ते काढून टाकतात आणि जखम भरायला दोन-तीन आठवडे थांबतात, ते ह्याच्याचसाठी. तुझ्या बाबांचे तपासले होते का, ते फाईलमध्ये पाह.

दात वाचत असेल तर रूट कॅनाल करायचं, अगदीच मोडला असेल तर वरचा भाग कापून मुळं तशीच ठेवायची, असे रस्ते आहेत. काढावाच लागला तर तो तोंडाच्या सर्जनकडे, शेकाच्या डॉक्टरला विचारून, अँटिबायोटिकच्या आडोशानं. मी स्वतः मेडिकल कॉलेजच्या आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात जातो. रांग असते, सकाळी आठला नंबर लाव. पहिलं वाक्य हेच बोलायचं, "जबड्याला साठ ग्रे शेक झाला आहे." नुसतं "कॅन्सर झाला होता" म्हटलं तर समोरच्याला जे कळायचं ते कळत नाही.

आता गोधडीचं. ४५ डिग्रीत माझी बायको मला म्हणायची, "काऊन पंखा बंद करून राहिले?" मी मे महिन्यात स्वेटर काढला होता. गळ्यात समोर थायरॉइडची ग्रंथी असते, मानेला शेक दिला की तिलाही लागते, आणि ती हळूहळू मंदावते. थंडी, पेंग, जाड आवाज, न खाता वजन, झालंच तर बद्धकोष्ठ. बाबांना उद्या सकाळी टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, करायला लाव, कुठल्याही लॅबमध्ये होते. हे शेकवाल्यांमध्ये एवढं नेहमीचं आहे की दर सहा ते बारा महिन्यांनी ती टेस्ट करायचीच असते. मला कुणी सांगितलं नव्हतं. निम्मं वर्ष मी म्हातारा झालो असं समजून खाटेवर पडून होतो. टेस्टमध्ये निघालं, एक बारीकशी गोळी रोज उपाशीपोटी सुरू झाली, दोन महिन्यांत माणसात आलो.

तोंड किती उघडते ते तू लिहिलं नाहीस. ते लिही. कारण रूट कॅनाल करायला डॉक्टरचं अवजार शेवटच्या दाढेपर्यंत पोचायला जागा लागते, आणि खर्रा-सुपारीवाल्यांचं तोंड शेकाच्या आधीच आवळलेलं असते. वरून ऑपरेशन, वरून शेक. ३५ मिलिमीटरच्या खाली गेलं की त्याला आखडलेला जबडा म्हणतात. माझं ऑपरेशनच्या आधी ३१ होतं. शेकानंतर चार महिन्यांनी २४.

मी टर्नर माणूस, मला "थोडं कमी उघडतंय" हे बोलणं समजत नाही. घरचं व्हर्नियर, बारीक माप घ्यायचं अवजार, काढलं, स्पिरिटनं पुसलं, आरशासमोर उभा राहिलो. आतला व्यास मोजायचे जे वरचे छोटे जबडे असतात ना, ते वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांच्या धारेला लावायचे आणि वाचायचं. व्हर्नियरलाही जबडेच असतात, फक्त ते आखडले तर तेलाचा थेंब पुरते. मग आइस्क्रीमच्या काड्या आणल्या. एक काडी दोन मिलिमीटर. बारा काड्या रबर लावून पुढच्या दातांमध्ये धरल्या की झाले २४. अर्धा मिनिट धरायचं, सोडायचं, पुन्हा. दिवसातून पाच वेळा. आठवड्यानं तेरावी काडी मधे सरकवायची. तेरावी काडी गेली त्या दिवशी डोळ्यात पाणी आलं, दुखल्यामुळं आलं का आनंदानं ते माहीत नाही. वही आहे माझी, सात वर्षांची, तारीख आणि माप. आज ३३. दोन महिने आळस केला, पोरीचं लग्न होतं, तर ३३ चे २९ झाले होते. शेकाचा कडकपणा थांबत नाही, तो वर्षानुवर्षं आपलं काम करत राहते. आपण सोडलं की तो पुढं जाते.

कोरड्या तोंडाचं काय सांगू. जेवताना माझ्या तोंडाला बऱ्यापैकी पाणी सुटते, पण रात्री दोनला जीभ टाळूला अशी चिकटते की बोटानं सोडवावी लागते. उशाशी पाण्याची बाटली. एक गोष्ट मला अनुभवानं कळली: मुलानं हौसेनं एसी लावून दिला आणि माझी वाट लागली, एसीची हवा कोरडी. परत वाळ्याच्या ताटीचा कूलर लावला. विदर्भातल्या माणसानं कूलरला नावं ठेवू नये. लाळ नाही म्हणजे दात किडणार हे धरूनच चालायचं, म्हणून रात्री जास्त फ्लोराइडची, ५००० पीपीएमवाली पेस्ट, डॉक्टरनं लिहून दिलेली. बाबांची दाढ तशीच गेली असणार.

सावजी बंद, तर्री बंद. तर्रीपोह्यातले नुसते पोहे कुणी खाते का? मी खातो. आता कढीगोळे, आंबील, मऊ गोळाभात. संत्र्याच्या गावात राहून संत्रं तोंडाला लावता येत नाही, आंबट झोंबते आणि उरलेल्या दातांनाही खाते. चव साधारण वर्षभरात परतली, गोड सगळ्यात शेवटी.

शेक संपल्यावर चौथ्या महिन्यात एक भानगड झाली होती ती पण सांगून ठेवतो, कुणी वाचणारा घाबरू नये म्हणून. नळाखाली बादली लावायला मान खाली घातली की मानेपासून टाचेपर्यंत करंट. मला वाटलं बाथरूममध्ये अर्थिंग गेलं, मिस्त्री बोलावला! डॉक्टर म्हणाले ह्याला लेर्मित म्हणतात, मज्जातंतूवरचं आवरण तात्पुरतं पातळ होते. पाच महिन्यांत आपोआप गेलं. पण हातापायातली ताकद कमी वाटली तर मात्र घरी बसायचं नाही.

ठसक्याचं मला नाही झालं, त्यावर मी बोलत नाही.

खापरखेड्याहून

ठसक्यावर मी बोलते, कारण आमच्याकडे तेच झालं.

आमच्या मिस्टरांना जिभेच्या मुळाशी होतं. ऑपरेशन नाही, थेट ३५ शेक, ७० ग्रे. पहिली दोन-तीन वर्षं मस्त गेली. चौथ्या वर्षी ठसके सुरू झाले. पाणी, चहा, वरणाचं पाणी, पातळ ते सगळं. मी पाठीवर थापटायची. मग हळूहळू ठसके कमी झाले आणि आम्हाला वाटलं, चला, सुधारले. त्या हिवाळ्यात न्यूमोनिया झाला. बरा झाला. एप्रिलात परत न्यूमोनिया, त्याच फुप्फुसाला. तेव्हा तपासणीत कळलं की पाणी अजूनही श्वासनलिकेतच जात होतं, फक्त शरीरानं ठसका देणंच सोडलं होतं. गिळायचे स्नायू शेकानं कडक होतात आणि आतली जाणीवही बधिर होते.

म्हणून ठसका येतोय तोवर जागं व्हा. गिळताना एक्स-रेचा व्हिडिओ काढतात, बेरियम मिसळून पातळ-घट्ट वेगवेगळं गिळायला देतात, त्यात नेमकं कुठं चुकतंय ते दिसतं. आमच्या स्पीच थेरपिस्टनं हनुवटी छातीकडे झुकवून गिळायला शिकवलं आणि पाणी थोडं दाट करून द्यायला सांगितलं. पण हे बघून लगेच घरी सुरू करू नका, प्रत्येकाची चूक वेगळी असते, एकाला जे लागू पडतं त्यानं दुसऱ्याचं बिघडूही शकतं. तपासणीनंतरच.

आणि जेवताना टीव्ही बंद. आमच्याकडे ह्यावरून रोज भांडण होतं, पण बंद म्हणजे बंद.

कोबाल्टनंतर

मी मेडिकल फिजिसिस्ट आहे, मूळचा धरमपेठेचा, सध्या पुण्यात. शेकाचे प्लॅन कॉम्प्युटरवर आखणं हेच माझं रोजचं काम. टर्नरकाकांनी दाढेबद्दल जे लिहिलंय ते बरोबर आहे, कृपया तेच करा. मला "नवीन टेक्नॉलॉजीत साइड इफेक्ट नसतात" ह्या वाक्याबद्दल बोलायचंय, कारण ते माझ्या कानावर आठवड्यातून चारदा पडतं.

जुन्या पद्धतीत चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंनी सरळ किरण सोडत. मधे जे येईल ते भाजलं जायचं, कानाखालच्या दोन्ही लाळग्रंथींसकट. आयएमआरटीत अनेक दिशांनी किरण येतात आणि टंगस्टनच्या पातळ पट्ट्या आतबाहेर सरकून प्रत्येक किरणाची तीव्रता जागोजागी बदलतात. त्यामुळे वाचवायची ग्रंथी वळसा घालून वाचवता येते. निदान एका कानाखालच्या ग्रंथीचा सरासरी डोस २६ ग्रेच्या आत ठेवायची आमची धडपड असते. त्याचा फायदा मोजलेला आहे. ब्रिटनमधली पारस्पोर्ट नावाची चाचणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली, ९४ रुग्ण होते. वर्षभरानंतर जुन्या पद्धतीतल्या ७४ टक्के लोकांना त्रासदायक कोरडेपणा होता, आयएमआरटीत ३८ टक्के. फरक मोठा आहे. पण ३८ म्हणजे शून्य नाही, आणि ही गोष्ट सांगताना लोक पहिलं अर्धं वाक्यच लक्षात ठेवतात.

काकांना जेवताना लाळ येते आणि रात्री येत नाही, ह्याचं कारणही त्यातच आहे. जेवताना सुटणारी लाळ मुख्यतः कानाखालच्या ग्रंथींची, त्या आम्ही वाचवतो. एरवी आणि झोपेत तोंड ओलं ठेवणारी लाळ जबड्याखालच्या ग्रंथींची. मानेच्या गाठी काढताना त्या बाजूची ग्रंथी बहुतेक वेळा गाठींसोबतच निघते, आणि दुसऱ्या बाजूची शेकात सापडते.

जबड्याचं हाड मात्र नवीन मशीनलाही नेहमी वाचवता येत नाही. गालाचा कॅन्सर म्हटल्यावर हाड त्याला खेटूनच असतं. तिथं डोस कमी करायचा म्हणजे आजाराला सूट द्यायची. ताई, एक काम करा. जिथं शेक झाला तिथल्या विभागात जा आणि विचारा, "डावीकडच्या खालच्या शेवटच्या दाढेजवळ हाडाला किती ग्रे लागले?" प्लॅन त्यांच्याकडे जपून ठेवलेला असतो, उघडून पाहता येतो. ६० च्या आसपास असेल तर दाताला हात लावताना अगदी जपून. बराच कमी असेल तर डेंटिस्टला मोकळीक मिळते. एका कागदावर तो आकडा लिहून घ्या आणि बाबांच्या पाकिटात ठेवा, आधार कार्डाशेजारी.

कुणी दात काढायच्या आधी दाबाखालच्या ऑक्सिजनच्या खोलीत बसायचं महागडं पॅकेज सुचवलं तर घाई नको. होपॉन नावाच्या चाचणीत, २०१९ ला छापून आली, ऑक्सिजन घेतलेल्यांत आणि न घेतलेल्यांत हाड सडण्याचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं, ६ टक्क्यांच्या आसपास.

अजून दोन गोष्टी पटकन. मानेतल्या मोठ्या रक्तवाहिन्या शेकानं काही वर्षांत अरुंद होऊ शकतात, म्हणून बीपी-साखर-कोलेस्टेरॉलकडे दुर्लक्ष नको आणि पुढे कधीतरी मानेच्या डॉपलरबद्दल (रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी) डॉक्टरांना विचारा. आणि किमोत सिस्प्लॅटिन हे औषध घेतलं असेल तर कानाची तपासणी करा, ऐकू कमी येणं लोक वयाच्या नावावर खपवतात.

शेवटचं, जरा कटू. सगळंच साइड इफेक्टच्या खात्यात टाकू नका. नवीन व्रण, रक्त, त्या बाजूचा कान दुखणं, मानेत गाठ, किंवा तोंडात हाड उघडं दिसणं, ह्यातलं काहीही असेल तर मेपर्यंत थांबायचं नाही. तुम्ही लिहिलेली लक्षणं वाचून माझ्या मनात आधी थायरॉइडच आला, पण तोंडात प्रत्यक्ष बघितल्याशिवाय कुणीही तुम्हाला "परत आलेलं नाही" असं लिहून देऊ नये. मीही देत नाही.

नंदनवनची_लेक

सगळ्यांना एकत्रच उत्तर देते, आज शनिवार.

गुरुवारचं रद्द केलं. डेंटिस्ट थोडे रागावले, मग मी "साठ ग्रे" म्हटल्यावर गप्प झाले आणि म्हणाले, बरं झालं सांगितलंत.

टीएसएच ३८.६ आलं. लॅबवाल्यानं स्वतः फोन केला. नॉर्मल पाचच्या आत असतं म्हणे. गोळी सुरू झाली. आई म्हणते, म्हणजे ते सहा किलो खरे नव्हतेच.

शुक्रवारी शेकाच्या विभागात गेलो. तोंड आणि मान नीट तपासली, नाकातून दुर्बीण घातली, आत्ता तरी नवीन काही दिसत नाही म्हणाले. मी कॉरिडॉरमध्ये येऊन रडले. प्लॅन उघडून दाखवला; त्या दाढेजवळ ६१. तो आकडा लिहून घेतला, पाकिटात आहे. दंत महाविद्यालयात गेलो तर काकांनी म्हटलं होतं तेच झालं, तोंड उघडेना म्हणून शेवटच्या दाढेपर्यंत रूट कॅनालचं अवजार जाईना. तूर्तास कीड साफ करून तात्पुरतं भरून दिलंय, ठणका थांबलाय. तीन आठवडे व्यायाम करून या, मग रूट कॅनाल होतंय का बघू, असं ठरलं. गिळण्याच्या व्हिडिओची तारीख पुढच्या बुधवारी.

काड्या आणल्या. बाबा शिंपी, त्यांच्याकडे व्हर्नियर कुठलं, गळ्यातली टेप घेऊन आरशासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "एक इंच आणि वर थोडं." मी टेप उलटी करून सेंटीमीटरची बाजू दाखवली. २८ मिलिमीटर आहे. काका, हे ठीक आहे का?

रिटायर्ड_टर्नर

टेप ओठापासून लावली असेल. दातापासून लाव, आणि मग परत सांग.

नंदनवनची_लेक

हो काका. २५.